जनुकांमधले अंतर मोजणारे कोसंबी

ज्वारीची टपोरी कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवायची, ही नांदूरघाटसारख्या गावांतली जुनी रीत. विज्ञानाच्या भाषेत हीच कृत्रिम निवड. आज ती साध्या संगणक प्रोग्रॅममध्येही करून पाहता येते. शंभर काल्पनिक रोपांची जनुके आकड्यांत लिहायची, त्यांतली उत्तम दहा निवडायची, त्यांचा संकर करायचा, अधूनमधून एखादा आकडा आपोआप बदलू द्यायचा आणि पुढची पिढी घडवायची. शेतात जे दिसायला वीस वर्षे लागतील, ते पडद्यावर काही क्षणांत दिसते.

पण यात एक अडचण असते. भरघोस दाण्याचे जनुक आणि रोगाला बळी पडण्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतील, तर चांगल्यासोबत वाईटही पुढे जाते. ही जोडी किती पिढ्यांत फुटेल, हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरते. ते अंतर काढण्याचे एक सूत्र जगभर वापरले जाते. ते दिले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेत गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस आणि अलीगढनंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले. तिथे असतानाच, १९४४ मध्ये, त्यांचा जनुकांमधील अंतरावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हाताशी संगणक नव्हता. होते ते फक्त गणित.

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकांच्या मध्ये अशी अदलाबदल दोनदा झाली, तर ती जनुके पुन्हा एकत्रच राहतात आणि अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी सूत्र दिले होते. पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही, आणि अंतर वाढते तसा हा अडथळा कमी होतो. कोसंबींनी नेमके हेच गणितात आणले. दोन जनुके २० टक्के वेळा वेगळी होत असतील, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२.

१९४५ नंतर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे मात्र पुण्यातच. ये-जा डेक्कन क्वीनने. हजारो प्राचीन नाण्यांची वजने करून त्यांनी नाण्यांच्या झिजेवरून इतिहास वाचला. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव इतके मोठे झाले, की त्यांचे आनुवंशिकीतले काम मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेच नाही. १९६२ मध्ये संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ रोजी, अवघ्या ५८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

पिकांचे नवे वाण घडवताना आणि आनुवंशिक आजारांच्या जनुकांचा गुणसूत्रांवरचा ठावठिकाणा शोधताना, संगणकात अंतर मोजण्यासाठी आजही दोन नावांतून एक निवडावे लागते: हाल्डेन किंवा कोसंबी.