लोकनायक बापूजी अणे : पक्षात आणि पक्षाबाहेर

निवडणूक आली की आपल्या आर्णीतल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी पडते. माणूस चांगला आहे, पण अपक्ष आहे. मत वाया जाईल. हे वाक्य बोलणारा अडाणी नसतो. त्याने उमेदवाराला पारखलेले असते, त्याचे गुणही त्याला मान्य असतात. तरीसुद्धा मतदानाच्या दिवशी त्याचे बोट ओळखीच्या चिन्हाकडेच वळते. असे का होते, याचा विचार करताना आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. घरी संस्कृत विद्येची परंपरा होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत जपली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवी घेतल्यावर काही काळ अमरावतीला शिक्षकी केली. पुढे कायद्याचा अभ्यास पूर्ण करून त्यांनी यवतमाळात वकिली सुरू केली. परंतु त्यांचे मन कोर्टकचेरीत रमणारे नव्हते. लोकमान्य टिळकांना त्यांनी गुरू मानले होते. होमरूलची चळवळ वऱ्हाडात रुजविण्यासाठी ते गावोगाव हिंडले. १९१८ साली यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक निघाले, त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता.

टिळकांच्या निधनानंतर काँग्रेसची सूत्रे गांधीजींकडे गेली. कायदेमंडळावरील बहिष्कार बापूजींना मनापासून पटला नव्हता. पुढे केळकर, जयकर, मुंजे यांच्यासह ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात गेले. सरकार जसे वागेल तसे आपण वागावे, असे या पक्षाचे धोरण होते. तथापि मतभेद झाला म्हणून त्यांनी काँग्रेसशी वैर धरले नाही. १९२८ साली भारतासाठी घटनेचा आराखडा तयार करणाऱ्या मोतीलाल नेहरूंच्या समितीत ते सभासद होते.

१९३० साल उजाडले. आपल्या भागाला समुद्र नाही, मग मिठाचा कायदा मोडायचा कसा? वऱ्हाड-मध्यप्रांताने त्यावर जंगल सत्याग्रहाचा मार्ग काढला. राखीव जंगलातील गवत परवानगीवाचून कापायचे, एवढीच कृती! पण गुराढोरांवर जगणाऱ्या शेतकऱ्याला तिचा अर्थ पुस्तकावाचून कळत होता. जुलै १९३० मध्ये पुसद येथे बापूजींनी स्वतः हाती विळा घेऊन कायदा मोडला आणि ते तुरुंगात गेले. खेड्यापाड्यांतील माणसांना त्यांचे नाव ठाऊक झाले ते तेव्हा. १९३३ मध्ये मोठमोठे पुढारी तुरुंगात असताना काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. वणीच्या सुपुत्राला याहून मोठा मान तो कोणता?

आणि नेमके पुढच्याच वर्षी त्यांनी तो मान बाजूला ठेवला. ब्रिटिश पंतप्रधानांनी दिलेल्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने तो स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही, अशी भूमिका घेतली. पंडित मदनमोहन मालवीय व बापूजी यांना तो उघडपणे नाकारायला हवा होता. १९३४ मध्ये दोघांनीही पदांचे राजीनामे देऊन काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. त्या वर्षीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत बंगाल सोडला तर या पक्षाला फारसे यश आले नाही. मालवीयांसारखा सर्वमान्य पुढारी असूनही देशाने काँग्रेसलाच झुकते माप दिले. मतदारांचा मालवीयांवर राग होता असे नव्हे. तुरुंगात गेलेल्या हजारो माणसांची पुण्याई ज्या नावामागे उभी होती, ते नाव सोडायला मतदार तयार नव्हता.

बापूजींच्या स्वतंत्र वृत्तीची सर्वांत अवघड बाजू १९४१ साली दिसली. त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. १९४२ च्या आंदोलनात देश पेटलेला असताना जंगल सत्याग्रहाचा हा नेता सरकारी मंडळात बसलेला होता! लोकांना ते खटकले असल्यास नवल नाही, आणि त्याचे समर्थन करण्याचा खटाटोप येथे करावयाचा नाही. पक्षाचे बंधन नसलेला माणूस जसा एकट्याने बरोबर ठरू शकतो, तसा एकट्याने चुकूही शकतो. मग त्याला मागे खेचणारे कोणीच नसते. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी उपोषण आरंभले व सरकार त्यांना सोडावयास तयार होईना, तेव्हा मोदी आणि सरकार या दोन सहकाऱ्यांसह बापूजींनी राजीनामा दिला. जागेचा मोह त्यांना नव्हता, हे तेव्हा स्पष्ट झाले.

नंतर सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल म्हणून त्यांनी काम पाहिले. एखाद्याने यानंतर संस्कृत ग्रंथ वाचीत निवांत दिवस काढले असते. परंतु त्यांच्या मनात विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची तळमळ होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये असे राज्य सुचविले होते, पण १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात घातला गेला. १९५९ साली नागपूर लोकसभेची पोटनिवडणूक आली. बापूजी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तरी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वयाच्या ८१ व्या वर्षी ते पुन्हा अपक्ष म्हणूनच विजयी झाले.

त्या वर्षी महाराष्ट्रातील ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या होत्या. एक जागा प्रजासमाजवाद्यांकडे राजापूरला गेली आणि उरलेल्या दोन अपक्षांना मिळाल्या. त्या दोन्ही विदर्भातील होत्या, नागपूरला बापूजी आणि चांद्याला लाल श्यामशाह. २००९ पासून आपली आर्णी आणि बापूजींची वणी याच चंद्रपूर मतदारसंघात मोडतात, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग टपरीवरचे ते वाक्य खोटे ठरले काय? मला तसे वाटत नाही. नागपूरच्या मतदाराने निव्वळ एका सज्जन वृद्धाला मत दिले नव्हते. विदर्भाची मागणी हाच त्या वेळी त्याचा पक्ष होता, बापूजी हे त्याचे चिन्ह होते. शिवाय ज्या नावावर त्याने विश्वास टाकला, ते नाव काँग्रेसच्या चळवळीत, पुसदच्या जंगलात मोठे झालेले होते. पण एकटा खासदार लोकसभेत मागणी मांडू शकतो, राज्य निर्माण करू शकत नाही. विदर्भ वेगळा झाला नाही. १९६७ मध्ये नागपूरची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. १९७१ मध्ये आपल्याच यवतमाळचे जांबुवंतराव धोटे तेथून फॉरवर्ड ब्लॉकतर्फे निवडून आले आणि १९८० मध्ये तेच इंदिरा काँग्रेसतर्फे जिंकले.

१९५७ साली लोकसभेत ४२ अपक्ष होते, २०१९ मध्ये ४ आणि २०२४ मध्ये ७ निवडून आले. याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. तेथून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे उरतात. प्रत्येक मतदान केंद्रावर बसवायला त्याच्याकडे माणसे नसतात. कापसाचा भाव पडला किंवा तलावाचे काम अडले तर जाब कोणत्या दारी विचारायचा, हे शेतकऱ्याला पक्षाच्या बाबतीत ठाऊक असते. एक माणूस हरला की दिसेनासा होतो, पक्ष पाच वर्षांनी पुन्हा दारात येतोच. १९९५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले खरे, पण त्यांतील कित्येक तिकीट न मिळाल्याने बंड केलेलेच होते. म्हणजे पक्षनिष्ठा ही नेहमीच मेंढरांची वाट नसते. गरिबाने आपले एकुलते मत जपून खर्च करण्याची ती एक रीत आहे.

परंतु या रीतीची किंमतही आहे. चिन्हच पाहायचे ठरले की माणूस पाहण्याची सवय सुटते आणि पक्षाला मग कसाही उमेदवार चालतो. बापूजींचे चरित्र दोन्ही बाजूंना सावध करते. पक्षाची शिस्त त्यांनी वर्षानुवर्षे पाळली, त्यासाठी तुरुंग भोगला. आणि पटले नाही तेव्हा पक्षात राहून कुरकुरण्याऐवजी, पद सोडून, नव्याने लोकांपुढे कौल मागायला ते गेले. १९३४ ला गेले, तसेच १९५९ लाही गेले. आज पक्ष बदलणारे अनेक आहेत, पद हाती ठेवून बदलणारे अधिक आहेत.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, बापूजींनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात टिळकांवर लिहिलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनेक पक्ष पाहिलेल्या आणि सोडलेल्या या माणसाने गुरू मात्र एकच मानला.

आपल्यापैकी अनेकांचे नाव यंदा प्रथमच मतदारयादीत लागले असेल. मत पक्षाला द्या अथवा व्यक्तीला, तो ज्याचा त्याचा प्रश्न. एवढे मात्र करता येईल. ज्या पक्षाला मत दिले, त्याच्या उमेदवाराला पुसदच्या विळ्याची आठवण देऊन विचारावे की तुम्ही कशासाठी तुरुंगात जाल, आणि कशासाठी खुर्ची सोडाल?