संशय डांबरावर, ओठांत सिगारेट

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघाले की गाव दिसण्याआधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. या भागात खोकला, दम किंवा फुप्फुसाच्या आजाराचा विषय निघाला, की बोलणाऱ्याचे बोट आधी त्या चिमण्यांकडे जाते. कोळसा जळतो तिथे राख असणार, त्यामुळे हा संशय हवेत उभा नाही. बाहेरची दूषित हवा माणसात कर्करोग निर्माण करते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१३ साली जाहीर केले आहे. गंमत एवढीच, की बोट दाखवणाऱ्या हाताच्या दुसऱ्या दोन बोटांत पुष्कळदा सिगारेट असते.

अशाच एका गृहस्थांनी मध्यंतरी मला विचारले. नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, वय ५८, सिगारेटची सवय पस्तीस वर्षांची, एकेकाळी दिवसाला दोन पाकिटे. त्यांचे म्हणणे दोन भागांत होते. एक तर आयुष्यभर कोळशाच्या धुरात राहिलेल्या माणसाला सिगारेट आणखी काय करणार? आणि दुसरे, पस्तीस वर्षांत जे बिघडायचे ते बिघडले असणारच, मग आता सोडून काय उपयोग? दोन्ही शंका खऱ्या आहेत, आणि त्या फार जुन्याही आहेत. पहिली शंका ज्याने स्वतः बाळगली आणि स्वतःच खोडून काढली, दुसरीचे उत्तर मिळवण्यासाठी ज्याने अर्धे शतक आकडे जमवले, तो माणूस म्हणजे इंग्लंडचे डॉक्टर रिचर्ड डॉल. ते स्वतःही सिगारेट ओढत.

डॉल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९१२ रोजी लंडनजवळच्या हॅम्पटनचा. वडील डॉक्टर, पण मुलाचा ओढा गणिताकडे. केंब्रिजच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आदल्या रात्री घेतलेल्या कडक बिअरने घात केला, हवी ती शिष्यवृत्ती हुकली आणि रागाच्या भरात त्यांनी वडिलांची इच्छा मान्य करून वैद्यकीय शिक्षण पत्करले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातून १९३७ साली ते डॉक्टर झाले. गणित मात्र सुटले नाही, आणि पुढे तेच उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. डंकर्कची माघार त्यांनी पाहिली. युद्धाच्या अखेरीस मूत्रपिंडाचा क्षयरोग झाला, एक मूत्रपिंड काढावे लागले. अशा प्रकृतीचा माणूस पुढे ९२ वर्षांपर्यंत जगला.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटनमधील दर दहा पुरुषांपैकी सुमारे आठ जण तंबाखू ओढत होते. डॉक्टर ओढत, रुग्ण ओढत, सैनिकांना तर शिध्याबरोबर सिगारेट मिळत असे. त्याच काळात सरकारी नोंदींत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने १९२२ साली ६१२ मृत्यू झाले होते. १९४७ साली हा आकडा ९,२८७ झाला. क्ष-किरण तपासणी सुधारल्याने निदान वाढले, असे काहींचे मत होते. पण पंधरापट वाढ नुसत्या निदानाने होत नाही.

कारण शोधण्याचे काम मेडिकल रिसर्च कौन्सिलने सांख्यिकीचे प्राध्यापक ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे दिले आणि हिल यांनी १९४८ साली मदतीला डॉल यांना घेतले. संशयितांची यादी एकलहऱ्याच्या टपरीवर ऐकू येते तशीच होती: मोटारींचा धूर, कारखान्यांचा धूर, घराघरांतल्या शेगड्यांचा कोळसा. डॉल यांचा स्वतःचा अंदाज रस्त्यांवरच्या डांबरावर होता. डांबरी रस्ते आणि मोटारी गेल्या काही दशकांतच वाढल्या होत्या, आणि डांबरात कर्करोगकारक द्रव्ये असतात हे माहीत होते. सिगारेट यादीत होती, पण तिच्यावर त्यांची भिस्त नव्हती. जी गोष्ट सगळेच करतात ती डोळ्यांना दिसेनाशी होते.

पद्धत साधी होती. लंडनमधील वीस रुग्णालयांत फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या रुग्णांना प्रश्न विचारायचे, आणि त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या, दुसऱ्या आजाराच्या रुग्णांनाही नेमके तेच विचारायचे. राहता कुठे, घर कशाने तापवता, घराजवळ गॅसचा कारखाना होता का, किती वर्षे आणि किती ओढता. रुग्णालयातल्या समाजसेविका हे प्रश्न विचारत आणि उत्तरे कागदावर उतरवत. धुराचे आणि घराचे प्रश्न विचारून झाले, पण दोन गटांत ठळक फरक पडला तो तंबाखूच्या उत्तरांत.

मला या सगळ्या हकिगतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो एका चुकीचा. मुलाखतीच्या वेळी ज्यांना कर्करोग आहे असे समजले होते, त्यांतल्या काहींचे निदान पुढे बदलले. त्यांना दुसराच आजार निघाला. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मात्र मुलाखत घेताना ते कर्करोगाचेच रुग्ण वाटत होते. म्हणजे विचारणारीच्या मनातल्या समजुतीमुळे उत्तरे फिरली असती, तर या लोकांची उत्तरेही कर्करोगाच्या रुग्णांसारखी दिसली असती. तशी ती दिसली नाहीत. त्यांच्या सवयी तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांसारख्याच निघाल्या. निदान बदलले की माणूस एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाई, आणि त्याची सिगारेटची सवय त्या दुसऱ्या रकान्यात चपखल बसे. हे पाहिल्यावर डॉल यांच्या मनात डांबराचा विषय जवळजवळ संपला.

निकाल छापून यायच्या आधीच, १९४९ च्या सुमारास, त्यांनी स्वतःची सिगारेट बंद केली. तेव्हा ते छत्तीस-सदतीस वर्षांचे होते आणि तरुणपणापासून ओढत आलेले होते. त्यांना कोणता आजार झालेला नव्हता, कुणी डॉक्टरने दटावले नव्हते. समोरच्या कागदावरचा आकडा खरा मानला, तर संध्याकाळी तीच सिगारेट पेटवणे त्यांना पटेना.

आकडे असे होते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत कधीच न ओढलेले फक्त दोन जण सापडले. तुलनेच्या तेवढ्याच पुरुषांत असे २७ होते. आणि रोज ओढण्याचे प्रमाण वाढेल तसा धोका चढत जात होता. कौन्सिलच्या प्रमुखांनी मात्र घाई करू दिली नाही. लंडनबाहेरही हेच दिसते का ते पाहा, असे सांगितले. त्या अवधीत, मे १९५० मध्ये, अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांचा असाच शोधनिबंध आला. डॉल आणि हिल यांचा निबंध ३० सप्टेंबर १९५० च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

या ग्रॅहॅम यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९३३ साली त्यांनीच केली होती. ते कित्येक दशके सिगारेट ओढत होते. विंडर हा त्यांचा विद्यार्थी. सिगारेटवरच्या त्याच्या संशयाला ग्रॅहॅम आधी हसले, नंतर आकडे पाहून वळले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सिगारेट सोडली. १९५७ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला. १९३३ साली त्यांनी ज्याचे फुप्फुस काढले तो रुग्ण त्यांच्यानंतरही काही वर्षे जिवंत होता. आता सोडून काय उपयोग, असे विचारणाऱ्याला ग्रॅहॅम यांचे उदाहरण पुरावा वाटेल. पण एका माणसाच्या नशिबावरून उत्तर काढायचे नसते, हे डॉल जाणून होते. त्यासाठी हजारो माणसे हवी होती, आणि भरपूर वर्षे.

ती माणसे त्यांना आपल्याच व्यवसायात मिळाली. ऑक्टोबर १९५१ मध्ये हिल आणि डॉल यांनी ब्रिटनमधील सगळ्या नोंदणीकृत डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. डॉक्टर निवडण्यामागे व्यवहार होता. त्यांची नावे नोंदवहीत असतात, ते कुठे गेले ते कळते आणि कशाने वारले तेही कळते. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यांत ३४,४३९ पुरुष होते. त्यानंतर काम होते ते वाट पाहण्याचे. अवघ्या अडीच वर्षांत पहिला निकाल स्पष्ट झाला, कारण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या ३६ डॉक्टरांत न ओढणारा एकही नव्हता. सरकारनेही अखेर १२ फेब्रुवारी १९५४ रोजी हा संबंध मान्य केला. आरोग्यमंत्री इयान मॅक्लाउड यांनी पत्रकार परिषदेत तशी घोषणा केली, आणि ती परिषदभर ते एकामागून एक सिगारेट ओढत होते.

विरोधही लहानसहान माणसांनी केला नाही. आधुनिक सांख्यिकीचे जनक मानले जाणारे रोनाल्ड फिशर, जे स्वतः पाइप ओढत, त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. काही माणसांच्या जन्मजात घडणीतच असे काही असेल, की त्यांना तंबाखूची ओढही लागते आणि कर्करोगही होतो. मग सिगारेट बिचारी निर्दोष. तर्क चतुर होता. त्याला उत्तर मिळाले ते सिगारेट सोडणाऱ्या डॉक्टरांकडून. आपल्याच सहकाऱ्यांचे आकडे वाचून हजारो डॉक्टरांनी सिगारेट सोडली होती. दोष जन्मजात असता तर सोडल्याने धोका उतरण्याचे कारण नव्हते. तो उतरत गेला, आणि जितकी वर्षे लोटली तितका अधिक उतरला.

डॉल पुढे ऑक्सफर्डला गेले, १९६९ ते १९७९ तिथे मानाच्या प्राध्यापकपदावर होते, १९७१ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. किरणोत्सर्ग, ॲस्बेस्टॉस, गर्भनिरोधक गोळ्या अशा अनेक विषयांवर त्यांनी काम केले. त्यांची बाजू सगळीच स्वच्छ नव्हती. रसायन कंपन्यांकडून त्यांनी वर्षानुवर्षे सल्ल्याचे मानधन घेतले होते आणि ते उघडपणे सांगितले नव्हते, हे त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आले. तंबाखूवरच्या निष्कर्षाला त्याने बाधा येत नाही, कारण तो नंतर जगभर अनेकांनी स्वतंत्रपणे तपासला. पण सांगायला हवे होते ते सांगितले नाही, हे खरे.

डॉक्टरांची ती नोंद मात्र चालूच राहिली. अधूनमधून नव्या प्रश्नावल्या जात, शेवटची २००१ साली गेली. १९५१ चे तरुण डॉक्टर तोवर म्हातारे झाले होते, पुष्कळसे वारले होते. पन्नास वर्षांचा हिशेब जून २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रिचर्ड पेटो आणि इतर सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या त्या निबंधावर पहिले नाव डॉल यांचेच होते, तेव्हा त्यांचे वय ९१. आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले होते. ज्यांनी तिशीला पोहोचताना सोडली त्यांनी ती दहाही वर्षे जवळपास परत मिळवली. चाळिशीला सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी सहा आणि साठीला सोडणाऱ्यांनी सुमारे तीन.

एकलहऱ्याच्या त्या गृहस्थांचे वय या हिशेबात पन्नास आणि साठ यांच्या मध्ये येते. म्हणजे सरासरीने तीन वर्षांहून थोडी अधिक. सरासरी ही हमी नसते, ग्रॅहॅम आठवावेत. पण हातात पडण्याजोगी रक्कम छोटी नाही. चिमणीच्या धुराचा त्यांचा मुद्दाही मी खोडत नाही. शहराची हवा वाईट असते तेव्हा ती सर्वांच्याच छातीत जाते. फरक एवढाच, की सिगारेटचा धूर कित्येक पट दाट असतो आणि सरळ आत ओढला जातो. तो बंद करणे मात्र एकट्याच्या हातात असते.

त्यांनी मला अभिमानाने सांगितले होते, की दोन पाकिटांवरून आता दिवसाला दोन सिगारेटवर आलो आहे. कर्करोगाच्या दृष्टीने हे चांगलेच. हृदयाचा हिशेब निराळा आहे. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा निम्म्याच्या आसपास धोका दिवसाला एक ओढणाऱ्यालाही राहतो. उरलेल्या दोन सिगारेटच सर्वांत अवघड असतात, हेही खरे. निकोटीन थांबले की चिडचिड, बेचैनी, झोप बिघडणे हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्या काळापुरता निकोटीनचा च्युइंगगम, पट्टी किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध यांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. बहुतेकांना पहिल्याच प्रयत्नात जमत नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मात्र एक-दोन दिवसांतच उतरतो, हृदयाचा जादा धोका साधारण वर्षभरात निम्मा होतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा दहा वर्षांच्या आसपास. सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

रिचर्ड डॉल २४ जुलै २००५ रोजी ऑक्सफर्डमध्ये वारले. शेवटपर्यंत ते कामावर येत. त्यांनी स्वतःची अखेरची सिगारेट विझवली त्याला तेव्हा साडेपाच दशके उलटून गेली होती.