माधव जूलियन : पद्यरचनेचे नियम शोधणारा कवी

वृत्त, जाती, छंद, सुनीत, गझल या संज्ञा कवितेचा अभ्यास करताना आपल्याला वारंवार भेटतात. त्या केवळ पाठ केल्या तर परीक्षेनंतर विसरल्या जातात. या संज्ञांच्या मराठीतील मांडणीमागे एका कवीचे आयुष्यभराचे परिश्रम आहेत, हे ध्यानात घेतले तर त्यांचे प्रयोजन उमगते. तो कवी म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी फारसी आणि इंग्रजी या विषयांचे शिक्षण घेतले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसीचे अध्यापन करू लागले. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते एक प्रमुख कवी होते. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. फारसीचा अध्यापक आणि मराठीचा कवी या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र आल्यामुळे एक मूलभूत प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला : एका भाषेतील काव्यप्रकार दुसऱ्या भाषेत खरोखर रुजू शकतो काय?

गझलेचे उदाहरण घ्या. तिच्यात दोन-दोन ओळींचे शेर असतात. यमक जुळवणारा शब्द तो काफिया आणि त्यानंतर जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द वा शब्दसमूह तो रदीफ. अंत्ययमकाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे अवघड नाही. परंतु सर्व शेर एकाच वृत्तात असावे लागतात, आणि खरी कसोटी तेथे लागते.

आता तुम्हीच पडताळून पाहा. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. लघू-गुरू-गुरू हा गण चार वेळा आला की भुजंगप्रयात वृत्त होते. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. फारसीतील मुतकारिब या वृत्ताच्या पूर्ण चार गणांच्या रूपाची घडणही नेमकी हीच आहे. नावे निराळी, परंपरा निराळ्या; लघुगुरूंचा क्रम मात्र एकच.

अशा तपासणीला शास्त्रीय बैठक देणारा त्यांचा ग्रंथ म्हणजे ‘छंदोरचना’. तो १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मराठी पद्याचे त्यांनी तीन वर्ग मानले. लघुगुरूंचा क्रम निश्चित असतो ते वृत्त, मात्रांची संख्या व आवर्तने निश्चित असतात ती जाती आणि केवळ अक्षरसंख्या निश्चित असते तो छंद. ओवी आणि अभंग छंदात मोडतात. आवर्तनांना त्यांनी दिलेली नावेही स्मरणास सोपी आहेत : पंचानन हर म्हणून पाच मात्रांचे हरावर्तन, षट्पद भृंग म्हणून सहांचे भृंगावर्तन, सप्तजिह्व अग्नी म्हणून सातांचे अग्न्यावर्तन आणि अष्टदल पद्म म्हणून आठांचे पद्मावर्तन. या कार्याबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. पदवी दिली.

शास्त्राबरोबर प्रयोगही चालूच होते. १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ प्रसिद्ध झाली. ‘तुटलेले दुवे’ या १९३८ च्या संग्रहात त्यांनी चौदा ओळींच्या सुनीतांची मालिका गुंफली. त्यांची गझल बहुधा एकच भाव अखेरपर्यंत सांभाळते. प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असण्याचा आग्रह मराठीत पुढे सुरेश भटांनी धरला.

त्यांच्या चरित्रातील एक विसंगती मात्र विचार करायला लावणारी आहे. ज्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती, तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आले. शब्द त्यांनी परके मानले. गझलेचा आकृतिबंध मात्र परका मानला नाही. भाषाभ्यासाच्या दृष्टीने यातील मर्म असे, की शब्द उसने घेता येतात आणि परतही करता येतात. आकृतिबंध मात्र भाषेच्या स्वतःच्या उच्चारात बसला तरच टिकतो, आणि एकदा बसला की तो त्या भाषेचाच होतो.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातही त्यांनी अध्यापन केले. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : तुम्हाला मुखोद्गत असलेला मनाचा एक श्लोक, एक अभंग आणि एक मराठी गझल निवडा. प्रत्येकाच्या दोन ओळी लिहून लघुगुरूंच्या खुणा करा आणि त्या वृत्त, जाती व छंद यांपैकी कोणत्या वर्गात बसतात ते सकारण ठरवा.