'मधली स्थिति' आणि तरुण हरिभाऊ

हरि नारायण आपटे यांच्या वाङ्मयीन चरित्राचा विचार बहुधा 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी केंद्रस्थानी ठेवून केला जातो. १८८५ साली 'पुणे वैभव' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेली 'मधली स्थिति' ही त्यांची पहिली कादंबरी मग त्या मोठ्या कृतीची पूर्वतयारी ठरते आणि तिची नोंद दोन-चार वाक्यांत आटोपते. कलाकृती म्हणून 'मधली स्थिति'चे मूल्य मर्यादित आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु चरित्राच्या दृष्टीने पाहता तिचे महत्त्व निराळे आहे. पदवीचा मार्ग सुटणे, कादंबरीलेखन हेच जीवितकार्य मानणे आणि स्वतःचे साप्ताहिक काढणे या हरिभाऊंच्या आयुष्यातील तीनही निर्णायक घटना या पहिल्या कादंबरीनंतरच्या अवघ्या पाच वर्षांत घडल्या. एकविसाव्या वर्षी हाती घेतलेल्या या लेखनाने त्यांना कोणता मार्ग दाखविला, हे तपासल्याशिवाय पुढचे हरिभाऊ नीट समजत नाहीत.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. त्यांचे बालपण आणि शिक्षण मुख्यतः काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या आश्रयाने मुंबई व पुणे येथे झाले. महादेवराव हे नामांकित वकील. घर संपन्न, एकत्र कुटुंबाचे, आणि घरातील शिस्त जुन्या वळणाची होती. तत्कालीन रीतीप्रमाणे हरिभाऊंचा विवाहही विद्यार्थिदशेतच झाला. एकत्र कुटुंबातील सासुरवाशिणींचे, विधवांचे आणि शिकणाऱ्या तरुणांचे जे जग पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतून अवतरले, ते त्यांनी पुस्तकांतून मिळविलेले नव्हते; त्याच जगात ते वाढले होते.

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या सहवासाने भारलेल्या त्या शाळेत हरिभाऊंच्या वाङ्मयीन अभिरुचीला वळण लागले. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य रचले. पुढच्याच वर्षी आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. हरिभाऊंनी 'निबंधचंद्रिके'त त्याचे प्रदीर्घ परीक्षण लिहिले आणि आपल्याच गुरूच्या भाषांतरातील गुणदोष मूळ नाटकाशी ताडून दाखविले. १८८३ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या तरुणाचे हे धाडस लहान नव्हते. म्हणजे कादंबरीकार म्हणून वाचकांसमोर येण्यापूर्वी हरिभाऊ कवी आणि टीकाकार म्हणून उभे राहिले होते. त्यांचे हे दोन्ही आरंभीचे लेखन गुरुजनांभोवती फिरणारे होते. एका लेखनात भक्ती आहे, दुसऱ्यात मतस्वातंत्र्य आहे. गुरूंच्या छायेबाहेरचा विषय मात्र अद्याप त्यांना सापडावयाचा होता.

तो विषय कादंबरीतून सापडावा, असे वातावरण त्या काळच्या मराठी कादंबरीत फारसे नव्हते. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ने १८५७ मध्येच विधवांच्या दुःस्थितीचा विषय हाताळला होता. परंतु धर्मप्रसाराच्या हेतूमुळे ती परंपरा खंडित राहिली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारायण सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांनी अद्भुतरम्य कथानकांची गोडी लावली. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने (१८७१) शिवकालीन वातावरण उभे केले. राजपुत्र, राजकन्या, वियोग आणि योगायोग यांनी रंगलेल्या या सृष्टीत पुण्यातील पेठांमध्ये राहणारा, इंग्रजी शिकणारा, घरी सोवळे पाळणारा मध्यमवर्गीय माणूस कोठेच नव्हता.

१८८४-८५ चे पुणे मात्र या माणसाच्याच प्रश्नांनी ढवळून निघाले होते. १८८४ च्या ऑगस्टमध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वादाला तोंड फुटले. त्याच वर्षी पुण्यात मुलींची हायस्कूलची शाळा निघाली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन त्याच वर्षअखेरीस पुण्यात भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले. प्रथम डेक्कन कॉलेजात आणि नंतर फर्ग्युसनमध्ये शिकणारे हरिभाऊ या सर्व घडामोडींच्या ऐन मध्यात होते.

अशा वेळी 'मधली स्थिति'चे प्रकरणामागून प्रकरण छापले जाऊ लागले. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. 'पुणे वैभव' हे सुधारकांची टवाळी करण्यात रस घेणारे, सनातन मताचे पत्र म्हणून ओळखले जात असे. आगरकरांच्या या शिष्याची पहिली कादंबरी अशा पत्रातून यावी, यात वरवर आश्चर्य वाटते. परंतु कादंबरीचा विषय पाहिला म्हणजे हे आश्चर्य ओसरते. नव्या शिक्षणाबरोबर आलेली मद्यासक्ती, वेश्यागमन, ढोंग आणि चैन यांचे चित्रण तीत आहे. जुन्याचे बंधन सुटलेले आणि नव्याचे मर्म न कळलेले, असे अर्धवट अवस्थेतील लोक हा तिचा विषय. सुधारणेच्या विरोधकाला ती नव्यांवरील टीका म्हणून वाचता येत होती. सुधारणेच्या पुरस्कर्त्याला तीच कादंबरी अपुऱ्या सुधारणेची चिकित्सा म्हणून वाचता येत होती. समाजाच्या दोन्ही बाजूंशी एकाच वेळी बोलणारी कथा लिहिता येते, हा शोध हरिभाऊंना येथे लागला असावा.

कादंबरीचा आराखडा मात्र उसना होता. रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' या कादंबरीच्या आधाराने ती रचली गेली. रेनॉल्ड्सच्या रहस्यमय, भडक आणि गुंतागुंतीच्या कादंबऱ्या त्या काळच्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांत फार लोकप्रिय होत्या. लंडनच्या दुर्गुणांचे पुण्यात रोपण करताना कथानक ठिकठिकाणी ओढाताणीचे झाले आहे, उपदेशाचा सूर चढला आहे, व्यक्तिरेखा ठोकळेबाज राहिल्या आहेत. परंतु जेथे लेखक आधार सोडून पुण्यातील घरात शिरतो, तेथे बोलीचा ओघ आणि तपशिलांचा खरेपणा एकदम जाणवतो. पुढील कादंबरीकाराची खरी शक्ती कोठे आहे, हे या कादंबरीच्या सबळ आणि दुर्बळ जागाच सांगतात. याच कादंबरीपासून हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांसाठी 'आजकालच्या गोष्टी' हे नाव स्वीकारले. गोष्ट आजची असावी, हा आग्रह मराठी कादंबरीत या नावाने रुजला.

क्रमशः प्रसिद्धीचे परिणामही दूरगामी होते. एकदा छापून गेलेले प्रकरण लेखकाला परत घेता येत नाही. पुढचे प्रकरण ठरल्या वेळी द्यावेच लागते. वाचकाची उत्सुकता हप्त्याहप्त्याने टिकवावी लागते. वाचक आणि लेखक यांच्यातील हे सततचे नाते हरिभाऊंना मानवले. त्यांच्या कथनातील वाचकाशी केलेला संवाद, घरगुती जिव्हाळा आणि विस्तारप्रियता यांचे मूळ या पद्धतीत आहे. तिचे तोटेही त्यांना आयुष्यभर भोगावे लागले. पाल्हाळ, कथानकाचा सैलपणा आणि 'कर्मयोग'सारखी अपूर्ण राहिलेली कादंबरी ही त्याच पद्धतीची दुसरी बाजू होय.

इकडे महाविद्यालयीन अभ्यासाची गाडी अडलेली होती. इंग्रजी साहित्यात रमणाऱ्या हरिभाऊंना गणिताची मनापासून नावड होती आणि त्याच विषयाने त्यांच्या पदवीची वाट रोखली. त्या काळात पदवी म्हणजे सरकारी नोकरी, वकिली आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे प्रवेशपत्र होते. नामांकित वकिलाच्या घरातील मुलाने पदवीवाचून राहावे, ही गोष्ट घरात सहज पचण्यासारखी नव्हती. कादंबरीलेखनाला त्या वेळी ना व्यवसायाचे स्थैर्य होते ना विद्वत्तेचा मान. १८८८ साली महादेवरावांनी संस्कृत ग्रंथांच्या संग्रहासाठी आणि प्रकाशनासाठी आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली आणि पुढे तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. जुन्या पोथ्यांच्या त्या संस्थेने आजकालच्या गोष्टी लिहिणाऱ्या लेखकाला निर्वाहाची निश्चिंती आणि लेखनासाठी अवकाश दिला. हरिभाऊंची स्वतःची स्थितीही अशी मधलीच होती: विद्वान, पण पदवीधर नव्हे, सुधारणेला अनुकूल, पण कुटुंबाशी बांधलेले, नव्या वाङ्मयाचे निर्माते, पण प्राचीन ग्रंथांचे व्यवस्थापक.

पहिल्या कादंबरीनंतर 'गणपतराव'चे लेखन सुरू झाले. या काळात गोविंद वासुदेव कानिटकर आणि काशीबाई कानिटकर या दांपत्याशी त्यांचा स्नेह दृढ झाला. काशीबाईंच्या रूपाने एक लिहिती, विचार करणारी आणि मत देणारी स्त्री-वाचक त्यांना लाभली. 'मधली स्थिति'त दुर्गुणांच्या चित्रणासाठी पुरुषांच्या जगात वावरणारी दृष्टी हळूहळू घराच्या आतल्या भागाकडे, माजघराकडे वळली, त्यात या स्नेहाचा वाटा मोठा होता.

१८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. दुसऱ्याच्या पत्रातून क्रमशः कादंबरी लिहिणारा लेखक पाच वर्षांत स्वतःच्या पत्राचा संपादक झाला. वादाच्या धुळवडीपासून दूर राहून, घरातील स्त्रियांसह सर्वांनी वाचावे असे पत्र काढण्याची कल्पना 'पुणे वैभव'च्या अनुभवाशी ताडून पाहण्यासारखी आहे. 'करमणुकी'तूनच यमूची आत्मकथा 'पण लक्षात कोण घेतो?' वाचकांपर्यंत पोहोचली. तेथे रेनॉल्ड्सचा आधार उरला नव्हता. उपदेश यमूच्या साध्या निवेदनात विरून गेला होता. परंतु हप्त्यांची रीत, आजची गोष्ट आणि दोन काळांच्या सांध्यात सापडलेली माणसे ही तीनही सूत्रे पहिल्या कादंबरीतलीच होती.

पुढे हरिभाऊंना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९१५ साली मुंबई विद्यापीठाची विल्सन भाषाशास्त्रविषयक व्याख्याने त्यांनी दिली. ज्याला विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती, त्याला विद्यापीठाने व्याख्याता म्हणून पाचारण केले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'मधली स्थिति' तोपर्यंत वाचकांच्या विस्मृतीत गेली होती आणि श्रेष्ठ कादंबऱ्यांच्या यादीत तिला स्थान मिळणेही संभवत नाही. तथापि पदवी हुकलेल्या, कीर्ती अद्याप न लाभलेल्या एका विद्यार्थ्याला आपले काम कोणते, हे तिने दाखवून दिले. मराठी सामाजिक कादंबरीचा इतिहास लिहिताना या सदोष पहिल्या प्रयत्नाला पूर्वतयारीहून अधिक मानाची जागा द्यावी लागते, ती याच कारणासाठी.