विश्लेषण : वेठबिगारीपासून वनपट्ट्यापर्यंत… गोदावरी परुळेकरांचा लढा शिरूर-दौंडला आज काय सांगतो?

शिरूर आणि दौंड म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो ऊस, रांजणगाव आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दौंडचे रेल्वे जंक्शन. जंगल मात्र आठवत नाही. तरीही या दोन्ही तालुक्यांत सरकारदप्तरी ‘वन’ म्हणून नोंदलेली जमीन आहे. उघडे माळरान, खुरटी झुडपे, गवत, चिंकारा आणि लांडगे असे हे वन. त्याच्या कडेला पारधी, भिल्ल, ठाकर अशा समाजांतील कुटुंबे राहतात आणि धनगरांची मेंढरे इथेच चरतात. अशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांच्या हाती कागद नाही, त्यांचा हक्क कोणता, हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात तो सर्वांत ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये एक पुणेकर महिला होती. तिचे नाव गोदावरी परुळेकर. त्यांचा जीवनप्रवास आणि आजचा वनहक्क कायदा यांचा हा आढावा.

गोदावरी परुळेकर कोण होत्या?

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील नामांकित वकील, घर सुखवस्तू. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ही पदवी मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील त्या पहिल्या महिला मानल्या जातात. वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून वकिली केली असती, तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. पण त्या स्वातंत्र्य चळवळीत उतरल्या आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेल्या. घरच्यांना हे रुचले नाही. त्यांनी घर सोडले आणि मुंबई गाठली.

नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली, घरकामगारांना संघटित केले. तिथेच त्यांची भेट शामराव परुळेकर यांच्याशी झाली. शामराव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेलेले कार्यकर्ते. १९३९ मध्ये दोघांनी विवाह केला. त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. युद्धविरोधी प्रचारामुळे त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला.

वारल्यांशी संबंध कसा आला?

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिच्या तयारीसाठी गोदूताई ठाणे जिल्ह्यातील गावे पायी फिरल्या. परिषदेला उंबरगाव भागातून मोजकेच वारली आले. त्यांनी आपली जी कहाणी सांगितली, ती ऐकून गोदूताईंच्या कामाची दिशाच बदलली.

उंबरगाव, डहाणू, पालघर, जव्हार या पट्ट्यात वारली हे मूळचे जमीन कसणारे. इंग्रजांच्या काळात जमिनीला सारा लागला, नोंदी झाल्या, कोर्टकचेऱ्या आल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या अंगठ्यावर व्यवहार होऊ लागले. सावकार आणि जमीनदार मालक झाले आणि कालचा मालक आपल्याच शेतात कूळ बनला. दुसरीकडे सरकारने जंगल राखीव केले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी झाली. लाकूड, गवत, चराई या रोजच्या गरजा त्यामुळे परवानगीच्या गोष्टी ठरल्या. जंगल ठेकेदाराच्या हाती गेले आणि वारली त्याचा मजूर झाला.

यातून वेठ आली, म्हणजे मालक बोलावील तेव्हा फुकट राबायचे. त्याहून वाईट होती लग्नगडीची पद्धत. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटायचे नाही, कारण हिशेब मालकाच्या वहीत असायचा. बाईच्या वाट्याला तर कष्टांबरोबर मालकाचा अत्याचारही यायचा.

उठाव कसा झाला?

मे १९४५ मध्ये झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद झाली. हे गाव आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी भागात आहे. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय काम नाही, असा निर्णय तिथे झाला. परिषद संपल्यावर गोदूताई आणि शामराव गावोगाव फिरले. लग्नगड्यांनी मालकांचे वाडे सोडले. ज्या माणसाने कधी मान वर केली नव्हती, त्याने कामाला नकार दिला. उठावाचा गाभा एवढाच होता. शस्त्रे नव्हती, नकार होता.

पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत याच भागातून जाई. ५०० पौंड गवताला अडीच रुपये दर मिळाल्याशिवाय विळा हाती घ्यायचा नाही, असे वारल्यांनी ठरवले. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदूताईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरली आणि हजारो आदिवासी तलवाडा येथे जमले. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. आजही ऑक्टोबरमध्ये त्या भागात हुतात्मा दिन पाळला जातो.

गोळीबारानंतरही संप मोडला नाही. पुढच्या वर्षी जंगलकामासाठी रोज सव्वा रुपया मजुरीची मागणी पुढे आली आणि ठेकेदारांना अखेर ती मानावी लागली. या काळात सरकारने परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदी लादली, तरी भूमिगत राहून काम सुरूच राहिले.

वेठ संपली, मग जमिनीचे काय?

मजुरी वाढली आणि वेठ थांबली, पण जमिनीचा प्रश्न सुटला नव्हता. १९४८ चा मुंबई कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. अनेक आदिवासींना याचा लाभ झाला. मात्र ज्यांचे नाव कुळाच्या रकान्यात कधी लागलेच नव्हते, त्यांना कायदा असूनही काही मिळाले नाही. वनखात्याच्या जमिनीवर नाचणी-वरई पिकवणाऱ्यांना तर कूळ कायदा लागूच नव्हता. ते ‘अतिक्रमणदार’ राहिले.

सत्तरच्या दशकात राज्य सरकारने अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे आदेश काढले. अंमलबजावणी रेंगाळली. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमीन इतर वापरासाठी देताना केंद्राची परवानगी सक्तीची झाली. कागद नसलेल्या कुटुंबांची वाट आणखी बिकट झाली.

या साऱ्या काळात गोदूताई चळवळीत होत्या. साठच्या दशकात त्यांना पुन्हा स्थानबद्धता भोगावी लागली. १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच शामरावांचे निधन झाले. त्यांनी वारल्यांच्या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. तलासरीचे महाविद्यालय आज त्यांच्या व शामरावांच्या नावाने ओळखले जाते. सोलापूरजवळ कुंभारी येथील विडी कामगारांच्या मोठ्या घरकुल वसाहतीलाही त्यांचेच नाव आहे.

वनजमिनीचा कायदेशीर हक्क मात्र त्यांना पाहता आला नाही. तो कायदा त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी संसदेत संमत झाला.

शिरूर-दौंडचा याच्याशी काय संबंध?

कागदाने जमीन जाण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेला दख्खनचा उठाव जुन्या भीमथडी आणि शिरूर तालुक्यांत पसरला होता. शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला. इथला शेतकरी आणि ठाण्याचा वारली यांच्यात भाषा, पीक, चालीरीती वेगळ्या, पण दोघांना अडकवणारा कागद एकाच जातीचा होता.

फरक एवढाच की शेतकऱ्याच्या नावे निदान सातबारा होता. पारध्यांसारख्या समाजाला तोही नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. वन्यजीवांसाठी ते गरजेचे होते, पण शिकारीवर जगणाऱ्यांना पर्यायी जमीन मिळाली नाही. एका जागी राहू न दिलेल्या माणसाकडे रहिवासाचा पुरावा मागायचा, हा पेच तिथूनच सुरू होतो.

वनहक्क कायदा नेमका काय देतो?

‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम’ डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

• अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा वनजमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा.

• इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

• प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवरच हक्क मिळतो, तोही कमाल ४ हेक्टरपर्यंत.

• पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो वारसाला मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही.

• चराई, गौण वनोपज आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर यांसाठी सामूहिक हक्क मागता येतात.

• दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही.

लग्नगडीच्या पद्धतीत बाई नवऱ्याच्या कर्जात बांधली जात होती. आज पट्ट्यावर तिचे नाव कायद्याने लागते. ही तरतूद कागदावर छोटी दिसते, प्रत्यक्षात ती फार मोठी आहे.

हा कायदा फक्त आदिवासी पट्ट्यापुरता आहे का?

नाही. इथेच अनेकांची गल्लत होते. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही गावांत. पेसा कायदा तिथे लागू होतो. शिरूर आणि दौंड त्याबाहेर आहेत. वनहक्क कायद्याला मात्र अशी अट नाही. जमीन वनजमीन असेल आणि दावेदार पात्र असेल, तर माळरानावरच्या वस्तीलाही दावा करता येतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सातबारा पाहणे. जमीन वन विभागाची असेल तरच हा कायदा लागतो. गायरान किंवा इतर महसुली पड असेल, तर त्याचे नियम वेगळे आहेत.

दावा कसा होतो? पुरावा कोणता?

दावा ग्रामसभेत सुरू होतो. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. समिती जागेवर जाऊन पडताळणी करते आणि ग्रामसभा ठराव करते. पुढे प्रकरण उपविभागस्तरीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जाते. ग्रामसभेचा किंवा उपविभागस्तरीय समितीचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

पुरावे किमान दोन लागतात. सरकारी नोंदी, नकाशे, उपग्रह छायाचित्रे चालतात. जुने घर, बांध, विहीर, दफनभूमी या खुणाही चालतात. गावातील ज्येष्ठांचा लेखी जबाब चालतो, मात्र तो खुद्द दावेदाराचा नसावा. वनखात्याने अतिक्रमण म्हणून कधी दंड केला असेल, तर ती पावतीही ताब्याचा पुरावा ठरू शकते. जो कागद आजवर गुन्हा म्हणून लपवला, तोच कामी येतो. म्हणून अशा पावत्या फेकू नयेत.

अडचणी कुठे आहेत?

देशभर मोठ्या संख्येने दावे फेटाळले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्याआधी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या किसान सभेच्या मोर्चात वनपट्टे ही प्रमुख मागणी होती. त्या मोर्चात मोठ्या संख्येने आदिवासी होते. गोदूताईंनी बांधलेल्या संघटनेचीच ती पुढची पिढी.

शिरूर-दौंडसारख्या भागात अडचण आणखी वेगळी आहे. वस्ती गावाबाहेर, कुटुंबे विखुरलेली, संख्येने कमी. ग्रामसभेत त्यांचा आवाज पोहोचतोच असे नाही. जातीचा दाखला नसेल, तर अनुसूचित जमातीचा म्हणून दावा अडतो आणि मग ७५ वर्षांची अट समोर उभी राहते. दुसरी बाजूही आहे. हे माळरान चिंकारा आणि लांडग्यांचे घर आहे. नव्या अतिक्रमणाला हा कायदा संरक्षण देत नाही, जुन्या ताब्यालाच मान्यता देतो. तारखेची अट त्यासाठीच आहे.

मग या चरित्रातून घ्यायचे काय?

गोदूताईंकडे कायद्याची पदवी होती, पण त्यांनी वारल्यांसाठी केवळ खटले लढवले नाहीत. आधी त्यांना एकत्र बसवले, आपले दुःख चारचौघांत बोलायला लावले. १९५७ च्या अनुभवाने दाखवले की कायदा आला तरी नाव नोंदवून घेणारी माणसे संघटित नसतील, तर हक्क कोरडाच राहतो. वनहक्क कायद्याने दाव्याचा पहिला निर्णय ग्रामसभेकडे दिला आहे. दाव्याचा अर्ज, जातीचा दाखला, जुनी पावती, ज्येष्ठांचा जबाब ही कामे एकट्या कुटुंबाला अवघड आहेत. दहा कुटुंबांनी मिळून केली तर ती होतात. पुढच्या ग्रामसभेला वस्तीवरची माणसे हजर असतील, तर निम्मे काम तिथेच झालेले असेल.