भीतीचा इंजिनीअर : आल्फ्रेड हिचकॉक

आमच्या होस्टेलमध्ये शनिवारी रात्री लॅपटॉपवर सिनेमा लागला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी नव्या सिनेमांची. 'पठाण' (२०२३), 'राझी' (२०१८), 'मिशन इम्पॉसिबल'चे एकूण एक भाग, सगळं यांना तोंडपाठ. कुठला स्टंट खरा, कुठला कॉम्प्युटरवर केलेला, यावर मेसमध्ये भात गार होईपर्यंत वाद. दुसरी पार्टी जुन्या सिनेमांची, आणि त्यात मला धरून आम्ही अडीच जणी. अडीच अशासाठी की त्यातली एक नेहमी इंटरव्हलच्या आधीच झोपते!

मागच्या सेमिस्टरला एकदा मी हट्टाने 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' लावला. १९५९ सालचा हेरपट. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे कुरकुर झाली. हिरो म्हातारा आहे, सगळे कोट घालून नुसते बोलतातच, वगैरे वगैरे. मग तो प्रसिद्ध सीन आला. भर दुपार, उजाड माळरान, सरळसोट रस्ता आणि रस्त्याच्या कडेला एकटा उभा कॅरी ग्रँट. बॅकग्राउंडला म्युझिकसुद्धा नाही. लांबवर शेतावर फवारणी करणारं एक छोटंसं विमान घिरट्या घालतंय. बघता बघता ते विमान त्याच्याच अंगावर येतं... आमच्या खोलीत चिडीचूप! सिनेमा संपल्यावर नव्या पार्टीतल्याच एकीने विचारलं, हा डायरेक्टर कोण गं? मी म्हटलं, आपल्यासारखाच एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. कुणाचाच विश्वास बसेना. म्हणून हा लेखप्रपंच. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ नेहमीच गोंधळतात, तेवढं संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

आल्फ्रेड हिचकॉकचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनजवळच्या लेटनस्टोन इथे झाला. वडिलांचं भाजीचं दुकान आणि घर त्याच दुकानाच्या वर. तीन भावंडांत हा शेंडेफळ. घर कॅथलिक आणि शिस्तीचं. मुलगा गोलमटोल, अबोल, एकटाच कोपऱ्यात बसून नकाशे आणि रेल्वेची टाइमटेबलं बघणारा. लहानपणीची एक गोष्ट तो आयुष्यभर सांगत राहिला. काहीतरी खोडी केली म्हणून वडिलांनी एक चिठ्ठी देऊन त्याला पोलीस ठाण्यात पाठवलं. पोलिसाने चिठ्ठी वाचली आणि पाच मिनिटं त्याला कोठडीत बंद केलं. गोष्टीला तिखटमीठ किती लावलं होतं ते तोच जाणे, पण पोलिसांची भीती त्याच्या मनातून कधीच गेली नाही. त्याच्या कितीतरी सिनेमांत हिरो निरपराध असतो आणि पोलीस मात्र त्याच्याच मागे धावत असतात, त्याचं मूळ बहुधा इथेच असावं.

शाळा जेझुइट पाद्र्यांची, सेंट इग्नेशियस कॉलेज. तिथे शिक्षा म्हणून हातावर रबरी पट्टा बसायचा. गंमत म्हणजे शिक्षा सुनावल्यावर ती कधी घ्यायची ते मुलानेच ठरवायचं. म्हणजे दिवसभर वर्गात बसायचं आणि मनात एकच विचार, आत्ता जाऊ की संध्याकाळी? आमच्याही शाळेत सिस्टरच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे. प्रत्यक्ष ओरडा दोनच मिनिटं मिळायचा, पण त्या बाकावरची वीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही. मारापेक्षा माराची वाट बघणं जास्त भयंकर, हे हिचकॉक शाळेतच शिकला. पुढे त्याने यावर अख्खं करिअर उभं केलं!

शाळेनंतर तो लंडनमधल्या पॉप्लरच्या इंजिनीअरिंग आणि नॅव्हिगेशनच्या शाळेत दाखल झाला. मेकॅनिक्स, इलेक्ट्रिसिटी, अकूस्टिक्स असे विषय. पण डिसेंबर १९१४ मध्ये वडील वारले. त्या वेळी तो जेमतेम पंधरा वर्षांचा. नोकरी करणं भाग होतं. हेन्लेज नावाच्या केबल बनवणाऱ्या कंपनीत तो टेक्निकल क्लार्क म्हणून चिकटला. दिवसा विजेच्या केबलचे हिशेब आणि संध्याकाळी चित्रकलेचा क्लास, असा दिनक्रम. चित्रं बरी काढतो म्हणून कंपनीने त्याला जाहिरात विभागात हलवलं. आता पुढची गोष्ट आपल्या मॅगझिनच्या वाचकांनी नीट वाचावी. या कंपनीचं एक अंतर्गत मासिक होतं, अगदी आपल्या या अंकासारखंच. त्यात जून १९१९ मध्ये हिचकॉकने एक छोटी कथा लिहिली. पॅरिसमध्ये एका बाईवर गुंड हल्ला करतात, तिला बांधून नदीत टाकतात... आणि शेवटी कळतं की ती डेंटिस्टच्या खुर्चीत गॅसच्या गुंगीत होती! म्हणजे जगाला पुढे पन्नास वर्षं घाबरवणाऱ्या माणसाची पहिली भीतिकथा एका केबल कंपनीच्या मासिकात छापून आली होती. तेव्हा लेख मागायला संपादक मंडळ दारात आलं की लपून बसू नका!

१९२० च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीने लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये स्टुडिओ काढला. सिनेमे मूक होते, त्यामुळे संवाद पाट्यांवर लिहून दाखवावे लागत. हिचकॉक स्वतः रंगवलेल्या पाट्यांचे नमुने घेऊन स्टुडिओत गेला आणि काम मिळवलं. मग पाट्या, कलादिग्दर्शन, पटकथा, सहायक दिग्दर्शन, मिळेल ते काम तो शिकत गेला. इथेच त्याला एडिटिंग करणारी अल्मा रेव्हिल भेटली. ती त्याच्यापेक्षा बरोबर एक दिवसाने लहान. १९२६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे जन्मभर प्रत्येक पटकथा आणि प्रत्येक एडिट अल्माच्या नजरेखालून गेला. 'सायको'मध्ये मेलेली नायिका एका शॉटमध्ये किंचित श्वास घेताना दिसते हे म्हणे तिनेच पकडलं. बाकी साऱ्या युनिटच्या नजरेतून ते सुटलं होतं. सिनेमाच्या पोस्टरवर नाव मात्र एकट्या हिचकॉकचंच मोठं!

मध्यंतरी कामासाठी तो जर्मनीला गेला. तिथे मुर्नाऊसारख्या दिग्दर्शकाला काम करताना त्याने जवळून पाहिलं आणि शब्दांशिवाय गोष्ट कशी सांगायची ते शिकून घेतलं. 'द लॉजर' (१९२७) ने नाव झालं. 'ब्लॅकमेल' (१९२९) मूकपट म्हणून सुरू झाला आणि मधेच ध्वनी आला. नायिका ॲनी ऑन्ड्रा हिचे उच्चार परदेशी वाटत. डबिंगची आजची सोय तेव्हा नव्हती. मग हिचकॉकने दुसऱ्या नटीला कॅमेऱ्याच्या बाहेर माईकसमोर उभं केलं. ती बोलायची आणि ऑन्ड्रा नुसते ओठ हलवायची. याला म्हणतात जुगाड!

यानंतर आले त्याचे खरे हेरपट. 'द मॅन हू न्यू टू मच' (१९३४), 'द थर्टी नाइन स्टेप्स' (१९३५), 'सीक्रेट एजंट' आणि 'सॅबोटाज' (दोन्ही १९३६), 'द लेडी व्हॅनिशेस' (१९३८). बाहेर हिटलरचं सावट आणि पडद्यावर हेरांची धावपळ. 'थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये सगळे ज्याच्या मागे लागलेले असतात ते गुपित म्हणजे चक्क आवाज न करणाऱ्या विमानाच्या इंजिनाचं डिझाइन! 'लेडी व्हॅनिशेस'मध्ये गुपित एका सुरावटीत लपलेलं आहे. हिचकॉक अशा गोष्टीला मॅकगफिन म्हणायचा. म्हणजे जिच्यासाठी पात्रं जीव टाकतात, पण प्रेक्षकाला जिच्याशी काही देणंघेणं नसतं. आपल्याला इंजिनाची काळजी नसते, तर त्या माणसाची असते. आजच्या हेरपटातली पेन ड्राइव्ह आणि व्हायरसची कुपी ही सगळी त्याचीच नातवंडं.

त्याचा दुसरा सिद्धांत सस्पेन्सचा. टेबलाशी बसून माणसं गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकेल. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं, तर त्याच साध्या गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकेल. मात्र 'सॅबोटाज'मध्ये त्याने एका निरागस मुलाच्या हातात बॉम्ब दिला आणि तो बसमध्ये खरंच फुटू दिला. प्रेक्षक भडकले. ती आपली चूक होती असं त्याने पुढे स्वतः मान्य केलं.

१९३९ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला गेला. तिथल्या पहिल्याच 'रिबेका' (१९४०) ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण ते गेलं निर्माता सेल्झनिककडे. (आपल्याकडचा 'कोहरा' (१९६४) याच कथेवरचा.) इकडे युद्ध पेटलं, लंडनवर बॉम्ब पडू लागले. देश संकटात असताना हा हॉलिवूडमध्ये मजेत आहे, अशी टीका झाली. १९४२ मध्ये आई गेली तेव्हाही तो अमेरिकेतच होता. १९४४ मध्ये तो लंडनला परतला आणि फ्रेंच प्रतिकार चळवळीवर दोन छोटे चित्रपट करून दिले. १९४५ मध्ये नाझी छळछावण्यांवरच्या माहितीपटासाठी त्याने सल्ला दिला, तो असा की कॅमेरा न तोडता लांबच लांब शॉट दाखवा, म्हणजे हे खोटं आहे असं उद्या कुणी म्हणू शकणार नाही. जन्मभर प्रेक्षकांना हातोहात फसवणाऱ्या माणसाला खरं कसं सिद्ध करायचं हेही नेमकं ठाऊक होतं.

'नोटोरियस' (१९४६) हा माझ्या मते त्याचा सर्वोत्तम हेरपट. इथे मॅकगफिन आहे वाइनच्या बाटल्यांत लपवलेलं युरेनियम, आणि ही कल्पना हिरोशिमाच्या आधी सुचलेली. त्यात एक शॉट आहे. भव्य पार्टी, उंचावर कॅमेरा, आणि तो हळूहळू खाली येत येत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या एका छोट्याशा किल्लीवर थांबतो. बस्स! अख्खा सिनेमा त्या किल्लीत आहे.

आता आपल्या ब्रँचचा भाग. 'फॉरिन करस्पॉन्डन्ट' (१९४०) मध्ये विमान समुद्रात कोसळतं ते आपण कॉकपिटमधून, एकही कट न होता पाहतो. हिचकॉकने कॉकपिटपुढे कागदाचा पडदा लावला, त्यावर समुद्राची फिल्म प्रोजेक्ट केली आणि पडद्यामागे पाण्याच्या टाक्या ठेवल्या. ऐन क्षणी पाणी सोडलं, ते कागद फाडून थेट आत! 'रोप' (१९४८) साठी दहा-दहा मिनिटांचे शॉट घेतले. कॅमेरा फिरावा म्हणून सेटच्या भिंतीच सरकत्या केल्या. 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये जिन्याची खोली दाखवताना कॅमेरा मागे नेला आणि त्याच वेळी झूम पुढे केला, तोही जिन्याचं मॉडेल आडवं ठेवून. याचं प्रत्यक्ष श्रेय कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्सचं. 'सायको' (१९६०) तर त्याने आपल्या टीव्ही मालिकेच्या युनिटकडून सुमारे आठ लाख डॉलर्समध्ये करून घेतला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं!

प्रत्येक शॉट आधी कागदावर पक्का असायचा. शूटिंगच्या वेळी आपल्याला कंटाळाच येतो असं तो म्हणायचा, कारण सिनेमा डोक्यात कधीच पूर्ण झालेला असे. सगळं कंट्रोलमध्ये हवं, हा खास इंजिनीअरचा स्वभाव.

पण याच स्वभावाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. 'द बर्ड्स' (१९६३) ची नायिका टिपी हेड्रन हिला पक्षी यांत्रिक असतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर खरे पक्षी सोडले गेले. शेवटी ती कोलमडली आणि डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली. हिचकॉकने आपला लैंगिक छळ केला आणि नकार दिल्यावर करारात अडकवून आपलं करिअर संपवलं, असं तिने २०१६ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्याच्याबरोबर काम केलेल्या इतर काही नट्या म्हणतात, आम्हाला तसा अनुभव आला नाही. पण म्हणून तिचा अनुभव खोटा ठरत नाही.

हे मी होस्टेलमध्ये सांगितलं तेव्हा रात्री दोनपर्यंत भांडण झालं. एकीचं म्हणणं, मग याचे सिनेमे बघायचेच कशाला? दुसरीचं म्हणणं, कला वेगळी, माणूस वेगळा. मला दोन्ही पटलं नाही. सिनेमे मी बघणार, पण 'द बर्ड्स'मधली ती घाबरलेली नायिका बघताना सगळाच अभिनय नाही हेही लक्षात ठेवणार. मशीनवर पूर्ण कंट्रोल ठेवणारा चांगला इंजिनीअर असतो. माणसांना मशीनसारखं वागवलं की तोच गुण गुन्हा होतो. आपण उद्या कुणाचे तरी बॉस होणार आहोत, तेव्हा हे आत्ताच शिकलेलं बरं.

शेवटची वर्षं तशी उताराचीच. 'टॉर्न कर्टन' (१९६६) आणि 'टोपाझ' (१९६९) हे दोन्ही हेरपट होते, पण जुनी जादू नव्हती. 'टॉर्न कर्टन'च्या वेळी संगीतकार बर्नार्ड हरमनशी कायमचं बिनसलं. दिग्दर्शनासाठी पाचदा नामांकन मिळूनही ते ऑस्कर कधीच मिळालं नाही. १९६८ मध्ये सन्मान म्हणून थालबर्ग पुरस्कार दिला गेला, तेव्हा त्याने नुसते मोजके शब्द बोलून आभार मानले आणि निघून गेला. 'फॅमिली प्लॉट' (१९७६) हा शेवटचा सिनेमा. त्यानंतरही 'द शॉर्ट नाइट' नावाच्या हेरकथेची पटकथा तो लिहून घेत होता. तब्येत ढासळत गेली आणि १९७९ मध्ये ते काम गुंडाळावं लागलं. १९८० च्या सुरुवातीला 'सर' किताब मिळाला आणि त्याच वर्षी २९ एप्रिलला तो गेला. अल्मा दोन वर्षांनी, १९८२ मध्ये गेली. २०१२ मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांना विचारलं तेव्हा पहिला नंबर आला 'व्हर्टिगो'चा. प्रदर्शित झाला तेव्हा याच सिनेमाला थंड प्रतिसाद मिळाला होता!

तर मित्रमैत्रिणींनो, नवे हेरपट जरूर बघा, मीही बघतेच. पण पुढच्या वेळी पडद्यावर कुणी पेन ड्राइव्हसाठी गच्च्यांवरून उड्या मारायला लागला, तर केबल कंपनीतल्या त्या जाड्या क्लार्कची आठवण काढा. येत्या शनिवारी आमच्याकडे 'नोटोरियस' आहे. आमच्या पार्टीत आता अडीचच्या साडेचार जणी झाल्यात. ती अर्धी मात्र अजून झोपतेच!