पेशवाईचा शेवटचा मोठा पराभव पुण्यात नाही, यवतमाळ जिल्ह्यात झाला होता

पेशवाई कुठे संपली असं विचारलं, तर बहुतेक जण शनिवारवाड्याचं नाव घेतात. कुणी खडकी म्हणतं, कुणी कोरेगाव भीमा. पण पेशव्याच्या फौजेचं कंबरडं मोडलं ते यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळ, शिवणी इथे. तारीख होती 17 एप्रिल 1818.

हा पेशवा म्हणजे दुसरा बाजीराव. ज्या थोरल्या बाजीरावाने आयुष्यात एकही मोठी लढाई हरली नाही, त्याचा हा सख्खा नातू.

जन्म 1775 चा, धारचा. वडील रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. आई आनंदीबाई. वडिलांच्या राजकारणामुळे याची उमेदीची वर्षं नजरकैदेत गेली. 1796 मध्ये पेशवेपद मिळालं खरं, पण त्यासाठी नाना फडणवीस आणि दौलतराव शिंदे यांच्या ओढाताणीतून जावं लागलं. माणसांवर विश्वास टाकायचा नाही, हे तो तिथेच शिकला असावा.

1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं. बाजीराव पळून वसईला गेला आणि 31 डिसेंबर 1802 ला त्याने इंग्रजांशी तह केला. गादी परत मिळाली, पण इंग्रजांची तैनाती फौज गळ्यात पडली. खरं राज्य तिथेच गेलं, पुढची पंधरा वर्षं नावाची होती.

1815 मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. संशय गेला बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळेंवर. इंग्रजांनी हाच धागा पकडला. जून 1817 च्या पुणे तहात बाजीरावाला मराठा सरदारांवरचा आपला हक्क सोडावा लागला.

आता मात्र त्याने लढायचं ठरवलं. पण उशीर झाला होता.

5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, आणि 17 नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हातात गेलं. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव. फेब्रुवारीत सोलापूर भागातल्या आष्टीला सेनापती बापू गोखले लढता लढता पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह बाजीरावासोबत होते, तेही इंग्रजांकडे गेले. सेनापती गेला, छत्रपती गेले, राजधानी तर आधीच गेली होती.

उरली एकच आशा, नागपूर. तिथल्या अप्पासाहेब भोसल्यांनी बाजीरावाशी संधान बांधलं होतं. म्हणून त्याने विदर्भाची वाट धरली. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा किल्ला गाठायचा, असा बेत होता. पण इंग्रजांना कुणकुण लागली आणि मार्चमध्येच अप्पासाहेबांना अटक झाली. चांद्याची वाटही इंग्रज फौजेने अडवली. बाजीराव वर्धा नदीच्या अलीकडे अडकला. एका बाजूने जनरल डव्हटन, दुसऱ्या बाजूने हिंगणघाटकडून कर्नल अ‍ॅडम्स.

शिवणीजवळ अ‍ॅडम्सच्या घोडदळाने आणि तोफांनी त्याला गाठलं. तुल्यबळ लढाई अशी झालीच नाही. फौज फुटली. उरलेल्या पाच तोफा गेल्या, हत्ती आणि उंट गेले. बाजीराव स्वतः घोड्यावर बसून निसटला.

या दिवसानंतर त्याच्याकडे फौज म्हणावी असं फारसं उरलं नाही. सरदार एकेक करून वेगळे झाले. तो उत्तरेकडे सरकत अशीरगडाजवळ पोहोचला आणि जून 1818 च्या सुरुवातीला सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला.

अट होती, गादी सोडायची आणि दख्खनमध्ये परत यायचं नाही. बदल्यात वर्षाला आठ लाख रुपये. कानपूरजवळ गंगेकाठी बिठूरला त्याला ठेवण्यात आलं. पुणे त्याला पुन्हा दिसलं नाही. तिथे तो तीस वर्षांहून अधिक जगला, म्हणजे पेशवेपदावर होता त्यापेक्षाही जास्त. 28 जानेवारी 1851 ला त्याचं निधन झालं.

इंग्रजांना वाटलं विषय संपला. त्यांनी पेन्शन बंद केली. दत्तक मुलाने ती मागितली, तर नकार दिला. त्या मुलाचं नाव नानासाहेब. सहाच वर्षांनी, 1857 मध्ये, कानपूरच्या उठावाचं नेतृत्व त्यानेच केलं.

आज नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. तिथून जाणाऱ्या कित्येकांना कल्पनाही नसते, की पेशव्याची शेवटची आशा याच परिसरात मावळली.